जे. ग्रेसम मेचन: एक प्राध्यापक, दोन सेमिनऱ्या आणि सहीचा अर्थ

ओळंबा | रविवार, सकाळी ९:१०

गेल्या पावसाळ्यापासून मी जुनी ग्रीक शिकतोय. नवा करार जिच्यात लिहिला गेला ती, कॉइने ग्रीक. मी ख्रिस्ती नाही. आयुष्यभर संस्कृत शिकवलं, निवृत्त झाल्यावर तिच्या या दूरच्या बहिणीची ओळख करून घ्यावी असं मनात आलं. हाती लागलं ते १९२३ सालचं प्राथमिक पुस्तक, 'न्यू टेस्टामेंट ग्रीक फॉर बिगिनर्स'. पाठ करायचं क्रियापद 'लुओ', म्हणजे मी सोडतो, मोकळं करतो. लुओ, लुएइस, लुएइ. आपल्या 'लुनाति'चं नात्यातलं. त्याच धड्यात 'गिनोस्को', मी जाणतो. म्हणजे थेट आपला 'ज्ञा' धातू. धड्यात नवीन गोष्ट मोजकीच, आणि लगेच भाषांतराला वाक्यं. आधी न शिकवलेलं काहीही त्या वाक्यांत डोकावत नाही. शिकवणाऱ्या माणसालाच कळेल यामागे किती कष्ट असतात.

म्हणून कर्त्याचं नाव शोधलं: जॉन ग्रेशम मेचन. (उच्चार 'ग्रेसम' आणि 'मेचन', तो स्वतः तसं सांगायचा.) व्याकरणकार असेल असं वाटलं होतं. निघाला अमेरिकेतला कट्टर कॅल्विनवादी (कॅल्विनच्या प्रॉटेस्टंट परंपरेतला) ईश्वरविज्ञानी, एका सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा, संस्थापक आणि स्वतःच्याच चर्चने दोषी ठरवलेला पाळक. तीन महिने त्याच्यामागे गेले. त्याची बरीच मतं मला पटत नाहीत, तरी त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जन्म २८ जुलै १८८१, बाल्टिमोर. वडील वकील, आई जॉर्जिया राज्यातल्या मेकनची, दक्षिणी वळणाची आणि स्वतः लेखिका. घरात पुस्तकं, पैसा आणि धर्मप्रश्नोत्तरी, तिन्ही भरपूर. प्रश्नोत्तरी आईनेच पाठ करून घेतली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून ग्रीक-लॅटिनची पदवी १९०१ साली. तिथे त्याला गिल्डरस्लीव्ह नावाचे ग्रीकचे नामांकित पंडित गुरू लाभले. मग प्रिन्स्टन सेमिनरी.

प्रिन्स्टनचं वजन आधी सांगायला हवं. ही सेमिनरी १८१२ सालची. आर्चिबाल्ड अलेक्झांडर, मग चार्ल्स हॉज, मग हॉजचा मुलगा, मग वॉरफिल्ड, अशी घराण्यासारखी चाललेली गुरुपरंपरा. चार्ल्स हॉजने पन्नासहून अधिक वर्षं तिथेच शिकवलं. या सगळ्यांचा आधार १६४० च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टर विश्वासनामा. देव सार्वभौम आहे, माणूस स्वतःच्या बळावर तरत नाही, तारण केवळ कृपेने मिळतं आणि पवित्र शास्त्र प्रमाण आहे, हा त्याचा गाभा. मेचनच्या प्रेसबिटेरियन चर्चमध्ये (प्रॉटेस्टंटांचा कॅल्विनवादी पंथ) पाळकाला दीक्षेच्या वेळी हा विश्वासनामा आपण मनापासून स्वीकारतो अशी शपथ घ्यावी लागायची. ही शपथ लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

१९०५ साली मेचन जर्मनीला गेला. मारबुर्गमध्ये विल्हेल्म हेरमान यांच्या वर्गात बसला. हेरमान उदारमतवादी: येशूचे चमत्कार, कुमारीजन्म, शरीराने झालेलं पुनरुत्थान हे इतिहास म्हणून धरून बसायची गरज नाही, येशूच्या व्यक्तिमत्त्वाचा अंतःकरणावर होणारा परिणाम खरा, असं शिकवणारे. प्रिन्स्टनमध्ये ज्यांचं खंडन करायला शिकवलं जायचं, त्यांतलाच हा एक. आणि मेचन त्यांना ऐकून थक्क झाला. ख्रिस्तावर इतकं उत्कट प्रेम करणारा माणूस आपण पाहिलेला नाही, असं त्याने घरी कळवलं. चोवीस वर्षांच्या मुलाच्या पायाखालची जमीन सरकली.

तो परत येऊन १९०६ पासून प्रिन्स्टनमध्ये ग्रीक आणि नवा करार शिकवू लागला, पण दीक्षा घेतली थेट १९१४ साली. आठ वर्षं! ज्यावर आपला पूर्ण विश्वास बसलेला नाही त्यावर सही करायची नाही, म्हणून नोकरीत साधा शिक्षक राहिला. पुढे हा माणूस इतरांना 'तुम्ही सही केली आहे' असं ठणकावून सांगतो तेव्हा मला ही आठ वर्षं आठवतात.

१९२१ च्या फेब्रुवारीत वॉरफिल्ड गेले. त्यांचा देह बाहेर नेला तेव्हा जुनं प्रिन्स्टनच त्यांच्याबरोबर गेल्यासारखं वाटलं, असं मेचनने आईला लिहिलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॅरी एमर्सन फॉस्डिक या उदारमतवादी पाळकाने मूलतत्त्ववादी जिंकणार का, असा सवाल करणारं गाजलेलं प्रवचन दिलं. मेचनचं उत्तर १९२३ साली पुस्तकरूपाने आलं: 'ख्रिश्चॅनिटी अँड लिबरलिझम'. त्यातलं म्हणणं असं. ख्रिस्ती धर्म मुळात एक बातमी आहे, अमुक काळी अमुक ठिकाणी अमुक घडलं ही. ते घडलंच नसेल तर उरतो तो उपदेश. तो सुंदर असेल, पण मग त्याला दुसरं नाव द्या. उदारमतवाद हा त्याच्या लेखी वेगळाच धर्म. आणि ज्याला तो पटतो त्याने विश्वासनाम्यावरची सही मागे घेऊन सन्मानाने बाहेर पडावं, तेच शब्द ओठांवर ठेवून आतला अर्थ बदलू नये. तो एकेका शब्दावर थांबतो. 'पुनरुत्थान' म्हणताना तुमच्या मनात काय असतं? ऐकणाऱ्या म्हातारीच्या मनात काय असतं? दोन्ही एकच नसेल आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर तुम्ही तिला फसवताय. धर्माशी काही देणंघेणं नसलेल्या वॉल्टर लिपमनसारख्या पत्रकारालाही या पुस्तकाची तर्कशुद्धता वाखाणावीशी वाटली.

पण चर्चचा प्रवाह उलटा वाहत होता. १९२४ च्या जानेवारीत ऑबर्न निवेदन नावाचं पाळकांचं जाहीर पत्रक आलं. शास्त्राची अचूकता, कुमारीजन्म, वधस्तंभावरचं प्रायश्चित्त, देहाने पुनरुत्थान आणि चमत्कार या पाच गोष्टी चर्चने सक्तीच्या ठरवू नयेत, ती केवळ स्पष्टीकरणं आहेत, असं त्यात होतं. सह्या करणारे पाळक अखेर १,२७४ झाले. प्रिन्स्टनचे अध्यक्ष जे. रॉस स्टीव्हन्सन स्वतः काही उदारमतवादी नव्हते, पण सेमिनरीत चर्चमधल्या सगळ्या छटांना जागा असावी असं त्यांचं मत. मेचनचं म्हणणं, संस्था ज्या कामासाठी काढली आणि ज्या कामासाठी देणगीदारांनी पैसे दिले, ते काम तिने करावं. १९२९ साली जनरल असेंब्लीने, म्हणजे चर्चच्या देशव्यापी सर्वोच्च सभेने, सेमिनरीची दोन जुनी मंडळं मोडून एकच नवं नियामक मंडळ केलं आणि त्यात ऑबर्न निवेदनावर सही केलेले दोघे घेतले. मेचनने राजीनामा दिला.

आणि २५ सप्टेंबर १९२९ रोजी फिलाडेल्फियात वेस्टमिन्स्टर सेमिनरी सुरू झाली. १५२८ पाइन स्ट्रीट, सहकारी ओसवाल्ड ॲलिसच्या मालकीचं घर. पहिल्या वर्षी ५० विद्यार्थी. विशी-तिशीतले शिक्षक: व्हॅन टिल, स्टोनहाउस, वूली, मॅक्रे. आणि त्यांच्यात सत्तरी ओलांडलेले रॉबर्ट डिक विल्सन, जुन्या कराराचे पंडित, प्रिन्स्टनमधली प्रतिष्ठेची जागा सोडून आलेले. वर्षभरानंतर ते वारले. उद्घाटनानंतर महिनाभरात वॉल स्ट्रीट कोसळला. तरीही सेमिनरी टिकली, आजही आहे. मेचनने तिथे अध्यक्षपद ठेवलंच नाही. कारभार प्राध्यापक मिळून करायचे, तो त्यांच्या सभेचा प्रमुख, बस्स.

पुढचा भाग, म्हणजे मिशन मंडळावरून झालेला झगडा आणि खटला, प्रतिसादांत लिहितो. आधी इथल्या जाणकारांनी भर घालावी.

निळी शाई | रविवार, सकाळी १०:०२

वाचनखूण साठवली. जर्मनीचा परिच्छेद दोनदा वाचला. शत्रूपक्ष मानलेल्या माणसात खरी भक्ती दिसली की काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही वैचारिक घरात वाढलेल्या मुलामुलींना पडतोच.

एक प्रश्न. एवढ्या लढाया करणारा माणूस विद्यार्थ्यांशी कसा वागायचा? पुस्तकातून करडा वाटतो.

ओळंबा | रविवार, सकाळी १०:४०

अजिबात करडा नव्हता. लग्न केलं नाही, प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातच, अलेक्झांडर हॉलमध्ये राहायचा. शनिवारी संध्याकाळी खोलीचं दार उघडं. टेबलावर संत्री-सफरचंदं, सुका मेवा, सिगार, आणि जमिनीवर-खुर्चीत जागा मिळेल तिथे बसून मुलं चेकर्स (सोंगट्यांचा पटावरचा खेळ) खेळतायत. 'संकोच करू नका, हात आखडू नका' असं ओरडून तो सगळ्यांना खायला लावायचा. या बैठकीचं नाव 'चेकर क्लब'. मुलं त्याला 'दास मेचन' म्हणायची. जर्मनमध्ये 'दास मेडशेन' म्हणजे मुलगी, त्यावरची कोटी. त्यालाही ते ठाऊक होतं आणि चालत होतं.

पहिल्या महायुद्धातलं एक चित्र तर डोळ्यांपुढून जात नाही. १९१८ साली तो वायएमसीएतर्फे फ्रान्समध्ये आघाडीजवळ गेला. काम काय, तर सैनिकांसाठी चॉकलेटचं गरम पेय करायचं. चॉकलेटच्या वड्या सुरीने किसायच्या, पाणी उकळायचं, दूध-साखर घालून मोठ्या भांड्यात ढवळत बसायचं, भल्या पहाटे उठून. सदतिशीला टेकलेला प्राध्यापक, तोफांच्या आवाजात. घरी लिहिलेल्या पत्रांत कुरकुर फार थोडी.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १:२५

मिशन मंडळाचा विषय निघालाच आहे तर मला बोलायलाच हवं, कारण तो आमच्या घरचा आहे. मी मिरजेची. आजी मिशन हॉस्पिटलमध्ये परिचारिका होती.

कोल्हापूरचं मिशन सुरू केलं रॉयल गूल्ड वायल्डर यांनी, १८५२ साली. १८७० मध्ये ते अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन चर्चच्या परदेशी मिशन मंडळाकडे गेलं. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली आले, मिरजेचं हॉस्पिटल १८९४ चं. वॉनलेसवाडी आजही त्यांच्या नावाने आहे. म्हणजे ज्या मंडळावर मेचनने अविश्वासाचा ठपका ठेवला, त्याच मंडळाच्या पैशावर आणि माणसांवर कोल्हापूर, सांगली, मिरज, रत्नागिरीची शाळा-दवाखान्यांची कामं चालत होती.

आणि एक धागा प्रिन्स्टनपर्यंत जातो. वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरात जन्मला, १८६३ साली. आईवडील पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनलाच स्थायिक झाले, मुलगा तिथल्याच कॉलेजात शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनला वाहून घेण्याची तयारी दाखवली, त्यामागे हा कोल्हापूरचा मुलगा होता. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीचे रॉबर्ट स्पीअर हे सुरुवातीच्या फिरत्या सचिवांपैकी एक. मेचनने पुढे ज्यांच्याशी दोन हात केले तेच हे स्पीअर, परदेशी मिशन मंडळाचे सचिव.

ओळंबा | रविवार, दुपारी ३:१०

कृष्णाकाठताई, हे मला माहीतच नव्हतं. मन भरून आलं. आता मी राहिलेला भाग लिहितो, चुकलो तर सांगा.

१९३२ साली 'रीथिंकिंग मिशन्स' नावाचा अहवाल निघाला. हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम अर्नेस्ट हॉकिंग समितीचे अध्यक्ष. समिती भारत, ब्रह्मदेश, चीन, जपान फिरून आली होती. शिफारशींचा सूर असा, की मिशनऱ्यांनी इतर धर्मांना हटवायला जाऊ नये, त्यांच्याबरोबर सत्य शोधावं; आणि शाळा-दवाखान्यांची सेवा धर्मप्रचाराच्या जबाबदारीतून मोकळी करावी. चीनमध्ये याच मंडळाच्या मिशनरी असलेल्या पर्ल बक यांनी, 'द गुड अर्थ'च्या लेखिका त्या, अहवालाचं जाहीर कौतुक केलं. मेचनने शंभराहून अधिक पानांचं आरोपपत्रच लिहिलं: मंडळ असल्या मतांना थारा देतं आणि भोळ्या देणगीदारांचे पैसे त्यांना नको असलेल्या कामाला जातात. एप्रिल १९३३ मध्ये ट्रेंटनला प्रेसबिटरीपुढे, म्हणजे चर्चच्या विभागीय सभेपुढे, तो आणि स्पीअर समोरासमोर आले. मतदान स्पीअरच्या बाजूने गेलं. पर्ल बक यांनी त्यानंतर मंडळ सोडलं.

जूनमध्ये मेचनने मित्रांना घेऊन स्वतंत्र मिशन मंडळ काढलं. १९३४ च्या जनरल असेंब्लीने हुकूम काढला: त्या मंडळातून बाहेर पडा, नाहीतर कारवाई. चर्चच्या अधिकृत कामांना मदत करणं हे प्रभुभोजनात भाग घेण्याइतकंच बंधनकारक, असाही युक्तिवाद झाला. मेचनने मानलं नाही. १९३५ च्या सुरुवातीला ट्रेंटनमध्ये खटला. तिथे त्याला मिशन मंडळाच्या शिकवणुकीबद्दल बोलू दिलं नाही, ऑबर्न निवेदनाबद्दल बोलू दिलं नाही, हुकूम चर्चच्या घटनेला धरून आहे का हेही विचारू दिलं नाही. उरलं काय? आज्ञा मोडली का, एवढंच. मार्चअखेर दोषी. १९३६ साली सिरॅक्यूजच्या असेंब्लीत निकाल कायम. त्याच जूनमध्ये त्याने आणि साथीदारांनी वेगळं चर्च स्थापन केलं, पुढे त्याचं नाव ऑर्थोडॉक्स प्रेसबिटेरियन चर्च पडलं.

एक सांगतो. आमच्या गावातल्या एका संस्थेची घटना मी सदस्य असताना बदलली गेली. उद्देशाचं कलम जसंच्या तसं ठेवलं, फक्त त्यातल्या एका शब्दाचा अर्थ यापुढे काय घ्यायचा ते एका सभेत ठरलं. मी हरकत घेतली तेव्हा विषयपत्रिकेवर फक्त 'सदस्यांची शिस्त' एवढाच विषय होता. ट्रेंटनचं वाचताना तो हॉल, त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोळ्यांपुढे आल्या. म्हणून कदाचित मी या माणसाकडे झुकतोय, हे मान्य आहे.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:५०

खटल्यात अन्याय झाला, पूर्ण सहमत. पण स्पीअरांची बाजू कुणीतरी मांडायला हवी. ते मेचनचे वैचारिक शत्रू नव्हते. मूलतत्त्ववाद्यांच्या 'द फंडामेंटल्स' या पुस्तिकामालेत त्यांचेही लेख आहेत. हॉकिंग अहवालावर त्यांनी स्वतः सविस्तर टीका केली. त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता: जगभर पसरलेलं काम एकत्र कसं ठेवायचं.

आणि मिरजेच्या वॉर्डात तो प्रश्न असा दिसायचा. आजी सांगायची, सकाळी वॉर्डात आधी प्रार्थना, मग तापमान, मग ड्रेसिंग. पोटाच्या ऑपरेशनला आलेला शेतकरी ती प्रार्थना ऐकून घ्यायचा, कधी हात जोडायचा, बरा होऊन गावी जायचा. त्याला कुणी सक्ती करत नव्हतं. अहवाल म्हणत होता दोन्ही सुटं करा. मेचन म्हणत होता प्रार्थना गेली तर मिशन गेलं. आजीला विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. तिच्या लेखी जखम धुणं आणि प्रार्थना एकच काम होतं.

दगडी पूल | सोमवार, सकाळी ७:३५

धागा उत्तम, पण एक गोष्ट झाकली जाऊ नये. १९१३ साली प्रिन्स्टन सेमिनरीच्या वसतिगृहात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला खोली मिळाली, तेव्हा मेचन संतापला होता. आईला लिहिलेल्या पत्रांत ते स्पष्ट आहे. वॉरफिल्डनी त्या विद्यार्थ्याला राहू द्यायचं ठरवलं होतं आणि मेचनला वॉरफिल्ड हट्टी वाटले.

म्हणजे ज्या वसतिगृहात शनिवारी फळं आणि सिगार वाटले जायचे, त्याच्या दाराशी रंगाची रेषा होती आणि ती तिथे असावी असं या माणसाला वाटत होतं. आम्ही ख्रिस्ती झालो ते गावकुसाबाहेरून. माझ्या पणजोबांना मिशनच्या शाळेत बाकावर बसायला मिळालं, पाणी एकाच माठातलं मिळालं, ही आमच्या घराण्यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. त्यामुळे मला ते पत्र नुसतं 'त्या काळाचं' म्हणून सोडून देता येत नाही. वॉरफिल्डही त्याच काळाचे होते, सीमेवरच्या केंटकीत वाढलेले, तोच विश्वासनामा मानणारे.

ओळंबा | सोमवार, सकाळी ९:००

तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मी हे वाचलं होतं आणि मूळ लेखात घेतलं नाही, ही माझी चूक. लेख लिहिताना मला तो आवडू लागला होता आणि हात अडखळला.

तुमचा शेवटचा मुद्दा निर्णायक आहे. एकच इमारत, एकच पुस्तक, एकच शपथ, आणि गुरूला जे दिसलं ते शिष्याला दिसलं नाही. शब्दाचा अर्थ प्रामाणिकपणे धरा असं आयुष्यभर सांगणाऱ्याने 'देवाच्या प्रतिमेत घडवलेला माणूस' या शब्दांचा अर्थ इथे पूर्ण धरला नाही.

सातासमुद्रापार | सोमवार, रात्री ११:२०

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. पाइन स्ट्रीटवरून अनेकदा गेलोय, तो भाग विटांच्या जुन्या घरांचा आहे. सेमिनरी आता तिथे नाही, १९३७ नंतर ती शहराच्या उत्तरेला ग्लेनसाइड भागात आहे.

मला मेचनचा वेगळाच पैलू आवडतो. लोक त्याला मूलतत्त्ववादी म्हणून एका खणात टाकतात, पण तो तिथे नीट मावत नाही. दारूबंदी तेव्हा अमेरिकेच्या घटनेत होती आणि सगळी प्रॉटेस्टंट मंडळी तिच्या मागे. १९२६ साली आपल्या प्रेसबिटरीत दारूबंदीला पाठिंब्याचा ठराव आला तेव्हा मेचनने विरोधात मत दिलं: अशा राजकीय प्रश्नावर चर्चने चर्च म्हणून बोलू नये. झालं! त्याच वर्षी त्याला मोठ्या पदावर नेमायचं घाटत होतं, असेंब्लीने ती नेमणूक लांबणीवर टाकली. कुजबूज अशी की हा पिणाऱ्यांच्या बाजूचा.

त्याच वर्षी केंद्रीय शिक्षण खातं नको म्हणून त्याने वॉशिंग्टनला काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. सरकारी शाळांत बायबलवाचन आणि प्रार्थना यांनाही त्याचा विरोध, कारण सरकारने शिकवलेला धर्म पातळ होतो आणि न मानणाऱ्यावर जुलूम होतो. कम्युनिस्टांच्या बोलण्याच्या हक्काचीही त्याने बाजू घेतली. १९२५ च्या स्कोप्स खटल्यात (शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दलचा खटला) डार्विनविरोधी साक्षीसाठी राजकारणी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी बोलावलं तर गेला नाही. तो आपला विषय नाही म्हणाला. स्वयंसेवी संस्थेने आपले नियम काटेकोर पाळावेत, कारण तिथे कुणी जबरदस्तीने आलेलं नसतं. आणि सरकारने माणसाला जास्तीत जास्त मोकळं सोडावं, कारण सरकारमधून बाहेर पडता येत नाही. चर्च आणि राज्य यांतला हा फरक त्याने इतका स्पष्ट धरला, की त्याचं सगळं वागणं मला तिथून सुसंगत दिसतं.

निळी शाई | मंगळवार, सकाळी ८:१५

सातासमुद्रापार, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा लेखच. पण मग मी उलट विचारते. मेचनसोबत सगळे का नाही गेले? त्याचीच मतं असलेले लोक प्रिन्स्टनमध्ये असतीलच ना?

ओळंबा | मंगळवार, सकाळी १०:३०

होते. आणि तिथे मला त्याच्या आयुष्यातलं खरं दुःख दिसतं. ज्यांच्या हाताखाली तो नवा करार शिकवायला लागला ते विल्यम पार्क आर्मस्ट्राँग, जवळचे मित्र, प्रिन्स्टनमध्येच राहिले. गेरहार्डस व्हॉस, त्या पिढीतले फार मोठे बायबलपंडित, तेही निवृत्तीपर्यंत तिथेच. ज्याने आपलं घर सेमिनरीला वापरायला दिलं तो ॲलिसही पुढे मिशन मंडळाच्या वादाच्या वेळी वेस्टमिन्स्टर सोडून गेला. फॉस्डिकच्या विरोधात अग्रभागी असलेले क्लॅरेन्स मॅकार्टनी विश्वस्तपदावरून उतरले. त्यांना चर्चमध्ये राहून झगडायचं होतं. आणि १९३६ च्या शेवटी ज्या स्वतंत्र मंडळासाठी खटला सोसला, त्याच्याच अध्यक्षपदावरून मेचनला बाजूला व्हावं लागलं. तिथे आणखी कडवे, ख्रिस्ताच्या सहस्र वर्षांच्या राज्याबद्दल आणि मद्य वर्ज्य करण्याबद्दल आग्रही असलेले लोक बहुमतात आले होते. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत त्याचं कोवळं चर्चही दुभंगलं.

बाहेर पडायचं तत्त्व एकदा मांडलं की ते आपल्याच घरात पुन्हा वापरलं जातं. मेचन बरोबर होता की आर्मस्ट्राँग, हे मी ठरवू शकत नाही. पण प्रिन्स्टनमधली मेचनची खोली रिकामी झाली असेल त्या दिवशी दोघांपैकी कुणाला जास्त जड गेलं असेल, याचा विचार मी बरेचदा करतो.

पाणवठा | मंगळवार, दुपारी ४:४०

वरचे मोठे प्रतिसाद वाचून थोडंसंच लिहितो. मेचन गिर्यारोहक होता हे कुणी सांगितलं नाही! १९३२ साली, पन्नाशी उलटल्यावर, तो आल्प्समधलं मॅटरहॉर्न चढून आला आणि डोंगरांवरच्या प्रेमाबद्दल त्याने एक सुरेख लेख लिहिला. योगायोग असा की तो गेल्यावर बाल्टिमोरचे नास्तिक पत्रकार एच. एल. मेंकेन यांनी जो मृत्युलेख लिहिला, त्यात ब्रायनच्या तुलनेत मेचनला मॅटरहॉर्नचीच उपमा दिली. मेंकेन देव मानत नव्हते, पण मेचनने प्रतिपक्षाची तर्काची फसवणूक उघडी पाडली असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. आणि पर्ल बक! ज्यांना त्याच्यामुळे मंडळ सोडावं लागलं, त्यांनीही गौरवाने लिहिलं, मतं मुळीच पटत नसताना.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

तो गेला कसा? वय काय होतं?

ओळंबा | मंगळवार, रात्री १०:१५

पंचावन्न. १९३६ च्या डिसेंबरात तो थकून गेला होता, सहकाऱ्यांनी विश्रांती घे म्हणून विनवलं. पण नाताळच्या सुट्टीत नॉर्थ डकोटातल्या दोन-तीन लहानशा मंडळ्यांना बोलायला येतो असा शब्द दिला होता. तिथे उणे २० फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे २९ अंश. आधीच सर्दी. प्लुरसी (फुप्फुसाच्या आवरणाची सूज), मग न्यूमोनिया. प्रतिजैविकं अजून बाजारात यायची होती. बिस्मार्क गावात बेनेडिक्टाइन जोगिणींच्या कॅथलिक हॉस्पिटलात ठेवलं. रोम आणि प्रॉटेस्टंट यांच्यातली दरी खोल आहे, पण उदारमतवादाशी असलेल्या दरीपुढे ती क्षुल्लक, असं त्याने १९२३ च्या पुस्तकात लिहिलं होतं. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याची शुश्रूषा त्या जोगिणींनी केली.

शेवटची तार त्याने सहकारी जॉन मरे यांना पाठवायला सांगितली. ख्रिस्ताच्या 'कृतिशील आज्ञापालना'बद्दल मी फार कृतज्ञ आहे, त्याशिवाय आशा नाही, असा मजकूर. हा कॅल्विनवादी ईश्वरविज्ञानातला अगदी नेमका मुद्दा. ख्रिस्ताने आपली शिक्षा भोगली ही अर्धी गोष्ट. दुसरं अर्ध म्हणजे आपण जे नियम पाळू शकलो नाही ते त्याने जगून पाळले आणि ते आपल्या खात्यावर जमा झाले. मेचनने त्या दिवसांत याच विषयावर नभोवाणीवर व्याख्यान दिलं होतं आणि मरेंशी त्याचं त्यावर बोलणं झालं होतं. मरताना माणूस मित्राशी चाललेली चर्चाच पुढे नेत होता. १ जानेवारी १९३७ ला तो गेला.

दगडी पूल | बुधवार, सकाळी ७:५०

तार वाचून काल रात्री बराच वेळ जागा होतो. मी त्या पत्राबद्दल लिहिलं ते मागे घेत नाही. पण 'त्याशिवाय आशा नाही' हे त्याने स्वतःच्या पुण्याईबद्दल म्हटलं नाही, हेही मला दिसतं.

बाल्टिमोरच्या त्याच्या थडग्यावर ग्रीक ओळ आहे असं वाचलं. ओळंबा, तुम्ही ग्रीक शिकताय, सांगा ना.

ओळंबा | बुधवार, सकाळी ११:०५

'पिस्तोस आख्री थानातू'. नव्या करारातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातल्या दहाव्या वचनावरून, अर्थ 'मरेपर्यंत विश्वासू'. 'आख्री' म्हणजे पर्यंत. 'थानातू' हे 'थानातोस'चं, मृत्यूचं, षष्ठीचं रूप; 'आख्री'नंतर षष्ठीच येते. 'पिस्तोस' हे विशेषण त्याच्याच पुस्तकात सुरुवातीच्या धड्यांत येतं. त्याचे दोन अर्थ: विश्वास ठेवणारा, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा. मराठीत 'विश्वासू' म्हटलं की दुसराच अर्थ आधी येतो.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते मेचनचं पुस्तक निघालं त्याच सुमाराला. त्यांनी हे वचन कसं केलं ते बघायचंय. कृष्णाकाठताई, आजीच्या सामानात त्यांचा नवा करार असेल तर त्या पानाचा फोटो टाकाल का?

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १२:४०

आजीची पेटी भावाकडे सांगलीला आहे. रविवारी जातेय, बघते.